माझ्या बोटांची साक्ष

डावा हात टेबलावर, तळवा वर. दोन बोटांना धातूच्या पट्ट्या बांधलेल्या. पट्ट्यांच्या तारा एका काळ्या डब्यात गेलेल्या, आणि डब्यावरच्या काचेत एक बारीक सुई. सुईच्या पलीकडं मोठे सर, म्हणजे आमच्या मानसशास्त्र विभागाचे प्रमुख. त्यांच्या मागं विभागातले लेक्चरर आणि एक मॅडम, खुर्च्यांवर. एप्रिलचं नागपूर. कूलरची हवा त्यांच्या अंगावर जात होती, मी दाराच्या बाजूला होतो.

"आज मंगळवार आहे?" सरांनी विचारलं.

"हो."

"तू सकाळी चहा घेतलास?"

"हो."

"तू कपाटातलं स्टॉपवॉच घेतलंस?"

तेवढ्यात मॅडमनी टेबलावरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. सावकाश. मुद्दाम नाही. आपण काय केलं हे त्यांनाही कळलं नसेल. मी पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

सुई उडाली. नुसती हलली नाही, पार टोकाला जाऊन थटली आणि तिथंच थरथरत राहिली. मग एक लेक्चरर नाकातून हसला. सर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मी काही म्हणत नाही. त्याची बोटंच सांगतायत."

मला पहिली गोष्ट सुचली ती सांगतो. मी म्हणालो, "सर, पट्टी ढिली असेल."

सर म्हणाले, "पट्टी तूच बांधलीस ना?"

मीच बांधली होती. एका हातानं, टोक दातात धरून ओढून. त्या विभागात माझ्याइतकी पक्की पट्टी कुणी बांधत नव्हतं.

मी तिथं लॅब अटेंडंट होतो. सदरमधलं कॉलेज. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोकांना बरं वाटतं, तिथं असं चालायचं, आमच्याकडं नाही. सत्तरचं दशक अर्धं सरलेलं. मी मॅट्रिक झालेला, तोही धडपडत. इंदोऱ्याच्या वस्तीतून सायकलनं यायचो. नोकरी टेम्पररी होती, जुलैत कायम करतो असं सरांनी सांगितलं होतं. बाबा वारले होते, घरात मी आणि माय. कायम झालो की आमच्या घराला पहिल्यांदा पक्का पगार लागणार होता. सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं. पाणी भरायला गेलो तरी लोक विचारायचे, झालं का गा कायम.

बाबा गिरणीत बॉयलरवर होते. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले, तेव्हा कोनाड्यातले सगळे देव गाठोड्यात बांधून नाग नदीत सोडून आले. परत येऊन कोनाड्याला चुना मारला आणि मला समोर बसवून म्हणाले, "आता जे तपासून पाहता येते थेच खरं. बाकीचं सोडून दे." मी लहान होतो, पण सोडलं. पुढं शाळेतली पोरं परीक्षेआधी मारुतीला नारळ फोडायची तेव्हा मी त्यांना हसायचो. तपासून पाहता येईल तेच खरं, हे माझ्या हाडात गेलं होतं.

इथंच आम्ही फसलो. कोनाडा रिकामा केला आणि त्यात मशीन नेऊन बसवलं.

त्या काळ्या डब्याला पोरं 'खोटं पकडायचं मशीन' म्हणत. सरांनी ते कुठून तरी परदेशातून मिळवलं होतं. माणूस खोटं बोलला की आतून घाबरतो, घाबरला की बोटांना कळणारही नाही इतका थोडा घाम येतो, घाम आला की सुई हलते, असं सर वर्गात सांगायचे. मग एखाद्या पोराला पुढं बोलवायचे. त्यानं पत्त्यातलं एक पान मनात धरायचं आणि सर विचारतील त्या प्रत्येक पानाला "नाही" म्हणायचं. सुई बघून सर पान ओळखायचे. टाळ्या पडायच्या. पट्ट्या बांधायचं काम माझं. त्या मी रोज पुसायचो, मऊ कपड्यानं. मला त्या मशीनचा अभिमान होता, आणि हे म्हणायला आज लाज वाटते.

कधीकधी पान चुकायचं. एकदा एका मुलीला हसू आवरेना, तर भलत्याच पानाला सुई उडाली. सर माझ्याकडं बघायचे. "पट्टी ढिली आहे. लक्ष कुठं असतं तुझं?" पान बरोबर आलं की मशीन हुशार, चुकलं की मी गाढव. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. मी जास्त घट्ट बांधायला लागलो.

मग स्टॉपवॉच हरवलं. चांगलं, परदेशी, मखमलीच्या डबीतलं. ज्या कपाटात ते असायचं त्याची एक किल्ली माझ्याकडं होती, एक स्टाफरूममध्ये खिळ्याला टांगलेली असायची. तिथून ती कुणीही घ्यायचं. सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "पोलिसांत जायची गरज नाही. आपल्याकडं शास्त्र आहे." त्यांनी तिघांना थांबायला सांगितलं: मी, शिपाई रामभाऊ आणि झाडणारी कौसल्याबाई. लेक्चरर लोक बसले ते बघायला. बघणारे कोण आणि बांधले जाणारे कोण, ही वाटणी माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला ती दिसली नाही.

उलट मला आनंद झाला. खरंच. वाटलं, आता कुणाच्या मनात काय आहे याला महत्त्व उरलं नाही. माणसाला जात असते, मशीनला नसते. रामभाऊ मागं सरकत होता, गळ्यातला ताईत चाचपत होता. मला त्याची कीव आली. मी पुढं झालो.

"सर," मी म्हणालो, "आधी माझं घ्या."

माझ्यानंतर रामभाऊ बसला. त्याला पट्ट्या मीच बांधल्या. त्याची सुईसुद्धा उडाली. माझ्याएवढी नसेल, पण चांगली अर्ध्याच्या पुढं गेली. मी सरांकडं पाहिलं. सर हसले आणि म्हणाले, "साधा माणूस आहे. घाबरला."

म्हणजे त्याची भीती ती भीती, आणि माझी भीती ती चोरी. सुई तीच. डबा तोच. कौसल्याबाईला तर बसवलंच नाही. सर म्हणाले, "आता गरज नाही."

सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. मोठ्या लोकांचा आवाज क्वचितच चढतो, त्यांचं त्याशिवाय भागतं. म्हणाले, "घड्याळ आणून दे, विषय संपला. नाही दिलंस तरी मी पोलिसांत देणार नाही. तुमच्या लोकांना संधी मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण कायमच्या ऑर्डरचं आता विसर. किल्ली टेबलावर ठेव."

किल्ली ठेवली. सायकल काढली. घरी आलो आणि मी काय केलं ते आजवर फार कुणाला सांगितलं नाही.

मी घराची झडती घेतली. आमचं स्वतःचं घर. ट्रंक उपडी केली. गाद्यांखाली हात घातला. डाळीच्या डब्यात, पिठाच्या डब्यात. बाबांचा जुना कोट खुंटीला होता, त्याचे खिसे उलटे केले. मी घड्याळ शोधत होतो. घेतलं नाही हे मला माहीत होतं, पण मशीन म्हणत होतं घेतलंस. मशीन खोटं बोलणार नाही. मग मीच कुठं तरी विसरलो असेन. झोपेत घेतलं असेल. कपडे बदलताना खिशात राहिलं असेल. माणसाचं स्वतःवरचं इमान इतकं स्वस्तात जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माय दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "काय शोधून राहिला गा?"

मी सांगितलं. सगळं. ती खाली बसली. मग म्हणाली, "हे तं तांदूळच झाले."

"कोणते तांदूळ?"

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. आमचं गाव उमरेडच्या पलीकडं. माय पाटलाच्या घरी अंगण झाडायला, शेण काढायला जायची. मी तेव्हा तिच्या पाठीवर. पाटलीणबाईंचे चांदीचे तोडे गेले. एका महाराजाला बोलावून तांदूळ मंतरले. घरात येणाजाणाऱ्या सगळ्या गड्यांना, बायांना अंगणात ओळीनं बसवून चिमूट चिमूट तांदूळ चावायला दिले. चावायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याचा घास ओला, तो खरा. ज्याचा कोरडा, तो चोर.

"माह्या पदरात वरून टाकले," माय म्हणाली. "म्या चावले. पण थुकीच नाही आली. पीठ पडावं तसे पडले पानावर. तोंड भेवानं सुकलं गा. चोरीनं नाही सुकलं."

"मग?"

"मग काय. तुह्या बाबानं त्याच आठवड्यात गाव सोडलं."

मला जन्मभर सांगितलं होतं की बाबा गिरणीत काम मिळालं म्हणून नागपूरला आले. गिरणी नंतरची. आधी तांदूळ.

"त्यायच्या घरच्या कोणाच्या तोंडात नाही टाकले," माय म्हणाली. "निस्ते आमच्या."

आणि मी काय बोललो असेन? मी चिडलो. तिच्यावर. म्हणालो, "ते अंधश्रद्धेचं होतं वं माय. हे सायन्स आहे. तुले नाही समजत."

ती म्हणाली, "माह्या तोंडाले काय माहीत गा, समोर महाराज आहे का मशीन आहे."

मी उठून बाहेर गेलो. तिचं ऐकून घ्यायला मला पुढं बरेच महिने लागले.

त्या महिन्यांत मी कामावर जात होतो. जायलाच हवं होतं. जुलै आला आणि गेला, वस्तीत विचारणारे विचारायचे थांबले. कसं कळलं माहीत नाही, पण कळलं होतं. किल्ली आता रामभाऊकडं होती. तो एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मले माहीत आहे तू नाही घेतलं. पण मशीन बोलली ना यार. आपण काय करणार?" भला माणूस होता. भल्या माणसांचा एवढाच उपयोग होता मला.

विभागात खडूची पेटी सापडली नाही तरी आधी माझ्याकडं बघायचे. डस्टर, शाईची दौत, काहीही. मी खोलीत शिरलो की मॅडमची पर्स मांडीवर जायची. पण सगळ्यांत वाईट वर्गातलं. सरांनी नव्या बॅचला मशीन शिकवायला घेतलं. मी पोरांच्या बोटांना पट्ट्या बांधतोय आणि सर फळ्याजवळून सांगतायत, "हे काही पुस्तकातलं नाही. आपल्याच विभागात एक चोरी या यंत्रानं उघडकीला आणली. संबंधित व्यक्तीचं नाव मी सांगणार नाही." नाव सांगायची गरजच नव्हती. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. ज्याच्या बोटाला मी पट्टी बांधत होतो त्या पोरानं हळूच विचारलं, "भाऊ, घड्याळ विकलं का ठेवलं?"

मी पट्टी बांधली. घट्ट. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात आपल्यात. ही म्हण ज्यानं काढली त्याला कधी कुणी ओळीत बसवलं नसणार.

त्या दिवसांत मला जगणं नको झालं होतं. हे सरळ सांगतो, आडपडदा ठेवत नाही. कॉलेज सुटलं की घरी जायचं सोडून मी गांधीसागर तलावाच्या कठड्याला टेकून उभा राहायचो. लोक पोरांना घेऊन यायचे, चिवडा खायचे, जायचे. पाणी हिरवं, जड. एकदा चप्पल काढूनसुद्धा ठेवली होती. थांबलो ते जीव प्यारा म्हणून नाही. मनात आलं, उद्या सर वर्गात सांगतील, बघा, शेवटी त्यानं कबूलच केलं. माझं मरणसुद्धा त्यांच्या मशीनच्या बाजूनं साक्ष देणार होतं. चप्पल परत घातली.

त्यानंतर एक वेड लागलं. मी सराव करायचो. सायकलवर, न्हाणीत, जेवताना. मनात विचारायचो, तू घड्याळ घेतलंस? आणि काळीज शांत ठेवायचा प्रयत्न करायचो. वाटायचं, पुन्हा एकदा बसायला मिळालं आणि सुई हलली नाही, तर सगळं धुऊन निघेल. कायम होईन. माय मान वर करून नळावर जाईल. सरांना दोनदा विनंतीही केली, पुन्हा घ्या म्हणून. सर म्हणाले, "तेच येईल."

एका दुपारी प्रॅक्टिकलची मांडामांड करायला मी लॅबमध्ये एकटाच होतो. बाकी सगळे जेवायला. मी दार लोटलं, मशीन लावलं, दातानं ओढून पट्ट्या बांधल्या. सरांच्या जागेकडं बघत मीच मोठ्यानं विचारलं, "आज शुक्रवार आहे?" हो. सुई गप्प. "तू घड्याळ घेतलंस?" नाही. सुई उडाली. टोकाला.

खोलीत कुणी नव्हतं. मॅडम नव्हत्या, पर्स नव्हती. थोडं थांबून पुन्हा विचारलं. उडाली. पुन्हा. उडाली. मला रडू फुटलं. स्वतःच्याच हातानं, स्वतःच्याच तोंडानं मी चोर ठरत होतो.

मग तोंडातून एक भलताच प्रश्न गेला. का गेला माहीत नाही. मी विचारलं, "तुझ्या मायनं पाटलाचे तोडे घेतले?"

"नाही."

सुई अशी उडाली की काच फुटते की काय असं वाटलं.

मी बघत बसलो. तोडे गेले तेव्हा मी तिच्या पाठीवर बांधलेलं पोर होतो. त्या चोरीतलं मला काय ठाऊक असणार? माझी बोटं कसली कबुली देत होती? मला ते तोडे कसे दिसतात हेही माहीत नव्हतं. मला फक्त अंगण दिसत होतं, आणि वरून पदरात पडणारे तांदूळ.

सुईला चोरी कळत नव्हती. सुईला अपमान कळत होता. जिथं दुखलं होतं तिथं ती उडत होती. आणि ज्यांना कधी कुणी दुखवलंच नाही, त्यांची ती का उडावी? ते घड्याळ खिशात घालूनसुद्धा शांत बसू शकतात. हे समजलं आणि मला आधी मायची आठवण झाली. मी तिला म्हणालो होतो, तुले नाही समजत.

पट्ट्या सोडल्या. त्या दिवशी मशीन पुसलं नाही.

घरी जाऊन मी मायला सांगितलं, "मशीनले नाही समजत वं माय." तिनं भाकर वाढली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडमचं कानातलं गेलं. सोन्याचं, एक. बायकांच्या न्हाणीघरात पडलं असं त्यांना वाटत होतं, आणि ते झाडायचं काम कौसल्याबाईचं. सरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. पुन्हा त्याच खुर्च्या. कौसल्याबाईला टेबलाशी बसवलं आणि सर मला म्हणाले, "बांध."

मी तिचा हात पाहिला. फिनाईलनं सोललेला. भेगा पडलेल्या, भेगांत काळं गेलेलं. तो हात टेबलावर ठेवायलाही ती संकोचत होती, पदरानं आधी टेबल पुसलं तिनं. तिला कुणी अजून काही विचारलंही नव्हतं.

"लाव गा बाबू," ती मला म्हणाली. "म्या नाही घेतलं. होऊन जाऊ दे, दूध का दूध पानी का पानी."

हेच मी म्हणालो होतो. आधी माझं घ्या. याच विश्वासानं.

पट्टी माझ्या हातात होती. मी ती टेबलावर ठेवली.

"मी नाही बांधत," मी म्हणालो.

सरांना ऐकू गेलं नसावं असं वाटलं. म्हणून पुन्हा बोललो. आवाज फाटत होता. शूरासारखं काही नव्हतं त्यात. मी म्हणालो, "बांधायचीच असन तर सगळ्यायले बांधा. न्हाणीघरात मॅडम गेल्या होत्या, त्यायले आधी बसवा. मग हे सर लोक. मग तुम्ही. सर, हात द्या, तुमच्या बोटाले मी बांधतो. पक्की बांधतो."

सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

एवढंच झालं. त्यांनी हात पाठीमागं नेले. त्यांनी काही चोरलं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांना माहीत होतं. त्या खुर्चीत बसलेला माणूस खरा असो की खोटा, बसला की संपला, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून ते हात त्यांनी मला दिले नाहीत.

"रामभाऊ," सर म्हणाले, "तुम्ही बांधा."

रामभाऊनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं बांधली. वेडीवाकडी. मला खोलीबाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त कौसल्याबाईची पाठ दिसत होती. प्रश्न ऐकू आले नाहीत. थोड्या वेळानं ती पाठ वाकली आणि मला कळलं की सुई उडाली.

तिला त्याच दिवशी काढलं. मला दुसऱ्या दिवशी. माझ्यावर आज्ञाभंग, तिच्यावर काहीच नाही. झाडणाऱ्या बाईला काढायला कारण लिहावं लागत नाही. कानातलं मिळालं की नाही ते मला कळलं नाही. घड्याळही कुणी घेतलं हे मला आज माहीत नाही. माझ्याकडं दाखवायला कुठलाच खरा चोर नाही. मी घेतलं नाही, हे माझं म्हणणं, आणि तेवढंच आहे माझ्याजवळ.

गेटाबाहेर कौसल्याबाई भेटली. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. निदान रडेल. ती माझ्या अंगावर आली.

"तुह्या हातची पट्टी असती तं सुई नसती हालली," ती म्हणाली. "त्याले बांधता नाही आली. काहून नाही बांधली गा तू? काय बिघडत होतं तुह्यं?"

मी तिला समजवायला गेलो. तांदळाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. तिनं ऐकलं नाही. तिच्या लेखी मशीन खरं होतं, पट्टी ढिली होती आणि मी ऐनवेळी हात काढून घेतला होता. ती गेली. पुन्हा कधी भेटली नाही. मी तिला वाचवलं असं मला म्हणता येत नाही. मी नाही म्हणालो आणि तिचं जे व्हायचं तेच झालं. हे ओझं माझ्या छातीवरून उतरलेलं नाही, आणि ते उतरावं अशी माझी इच्छाही नाही.

तिच्यावर मी रागावलो नाही. माझ्या मायवर मी असाच ओरडलो होतो.

माय त्यानंतर फार जगली नाही. घरात पक्का पगार आलेला तिनं पाहिला नाही. सर रिटायर झाले तेव्हा त्यांचा मोठा सत्कार झाला म्हणतात.

मी इतवारीत हमालीला लागलो. धान्याच्या आडतीवर पोती वाहतो. शिकलेला म्हणून सुरुवातीला हसायचे, आता नाही हसत. इथं मशीन नाही. पण एखादं पोतं कमी भरलं, कुणाची छत्री गेली, गल्ल्यातलं काही इकडंतिकडं झालं, की ओळीत उभं करतात. खिसे दाखवा. धोतर झटका. डोक्यावर हात ठेवून पोराची शपथ घ्या. एक मालक गंगाजलाची बाटली ठेवतो. दुसरा म्हणतो, मी डोळ्यांत बघून चोर ओळखतो. सगळ्यांना आमच्या अंगातून काहीतरी बाहेर काढायचं असतं. घाम, थुंकी, पाणी. तोंडातून निघालेल्या शब्दावर कुणाचा भरवसा नाही.

पहिल्यांदा असा पुकारा झाला तेव्हा मी पोत्यावर बसून राहिलो. मालक अंगावर ओरडला. सोबतचे म्हणाले, ऊठ ना भाऊ, दाखव खिसे, घेतलं नाही तर भ्यायचं काय? माझे खिसे रिकामे होते. दाखवले असते तर पाच मिनिटांत सुटलो असतो. मी दाखवले नाहीत. त्या दिवशीची मजुरी गेली, काम गेलं, दुसरी आडत बघावी लागली. तिथंही तेच. तिथंही मी बसून राहिलो. आता माझ्याशेजारी दोघं-तिघं बसतात, कधी कुणीच बसत नाही.

मी भीत नाही असं समजू नका. पुकारा झाला की माझी बोटं अजून भिजतात. आत्ता कुणी मशीन लावलं तर सुई काच फोडून बाहेर येईल. येऊ दे. ती भीती माझी आहे. ती कशाची आहे हे मी सांगेन, दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. माझ्या अंगाची साक्ष माझ्याविरुद्ध मी पुन्हा कुणाला काढू देणार नाही. चोरी झाली म्हणतोस, तर कुणी पाहिली ते सांग. माल कुठं मिळाला ते दाखव. नसेल दाखवता येत, तर मग आपण सगळेच बसू. आधी मालक, मग मुनीम, मग त्याचा जावई जो गल्ल्यावर असतो. त्यांचे खिसे झाल्यावर माझे.

हे मी दर वेळी बोलतो. आवाज अजूनही फाटतो. मालक म्हणतो, ऊठ.

मी उठत नाही.